बारा वाजायच्या आत

अंकाचा विषय ‘ओळख’ आहे असे संपादकांनी कळवले, तोवर आधार कार्ड, आडनावे, बोटांचे ठसे आणि जत्रेत हरवलेली भावंडे वाटून झाली होती. माझ्यासाठी माणूस उरला नव्हता. त्याच सुमारास मुळशीकडे पावसाळी भटकंतीला गेलेल्या एका मैत्रिणीने फोटो पाठवला. काळपट ओल्या पाचोळ्यात एकच पिवळी छत्री, टोपी जेमतेम इंचभर. खाली प्रश्न, ‘ही कुठली?’ ओळख सांगणाऱ्या एका ॲपने क्षणात लॅटिन नाव दिले. दुसऱ्याने त्याच फोटोला वेगळे नाव दिले, तेही तितक्याच ठामपणे. मी संपादकांना कळवून टाकले की माझा लेख या पिवळीवर.

पुण्यातल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या आणि अजूनही पावसाळाभर कवके गोळा करत हिंडणाऱ्या एक प्राध्यापिका माझ्या ओळखीच्या आहेत. विद्यार्थी त्यांना जुन्या वळणाने ‘बाई’ म्हणतात, मीही म्हणतो. बाईंना फोटो पाठवला. उत्तरात नाव आले नाही, प्रश्न आले. टोपीखालच्या पात्यांचा रंग कोणता? देठाला कडे होते का? बुडाशी फुगवटा? लाकडावर उगवली होती की पाचोळ्यात? वास? फोटो किती वाजता काढला? मैत्रिणीला यातले शेवटचे तेवढे ठाऊक होते. सकाळी साडेआठला.

‘मग ती आता नाही,’ बाई म्हणाल्या. ‘तिच्या बहिणी असतील. येणार असाल तर चला, पण उजाडताना रानात पोचायचं. बारा वाजले की या बायका विरघळतात.’

पिवळ्यांच्या रांगेतून

मुळशीकडच्या ताम्हिणी घाटाला २०१३ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. अभयारण्यातून परवानगीशिवाय काहीही उचलता येत नाही, मग ते झाड असो की छत्री. बाई त्यामुळे घाटाच्या अलीकडच्या एका खाजगी रानात जातात. मालक ओळखीचे आहेत, त्यांनी वहीत सही करून परवानगी दिलेली आहे. रान फार मोठे नाही. अंजन, जांभूळ, हिरडा, मध्येच एखादा म्हातारा आंबा, खाली कारवी आणि पायाखाली दोन-तीन वर्षांचा साचलेला पाचोळा. सोबत बाईंची एक विद्यार्थिनी होती. तिच्या हातात खणाखणांचा प्लास्टिकचा डबा, ॲल्युमिनियमची फॉइल, लहान चाकू आणि पावसात न भिजणारी वही.

छत्री एका रात्रीत उगवते याचे आपल्याला फार नवल वाटते. खरे तर ती उगवत नाही, फुगते. कवकाचे खरे शरीर म्हणजे पाचोळ्यात आणि मातीत पसरलेले धाग्यांचे जाळे. ते तिथे महिनोन्‌महिने पाने कुजवत असते. पाऊस मनासारखा झाला की धागे एकत्र येऊन टाचणीच्या डोक्याएवढी कळी करतात आणि तिच्यात टोपी, पात्या, देठ असे सगळे भाग आधीच तयार असतात. शेवटच्या रात्री फक्त पाणी भरायचे असते. पेशी लांबतात, देठ वर येतो, टोपी उघडते. भिंती इतक्या पातळ की ऊन चढले, हवा सुकली, की तेच पाणी निघून जाते. बीजाणू वाऱ्यावर सोडून झाले की छत्रीचे काम संपते. टिकून राहण्यात तिला काही रस नसतो.

उजाडले तसा रानात पिवळा रंग दिसायला लागला, आणि तो एका जातीचा नव्हता. पडलेल्या ओंडक्याच्या चिरेतून चपट्या, लवचीक, केशरट पिवळ्या पाकळ्यांची ओळ बाहेर आली होती. ‘ही बाद,’ बाई चालता चालता म्हणाल्या. तिला टोपी नाही, पात्या नाहीत. ती डॅक्रिओपिनॅक्स स्पॅथ्युलारिया, जेलीसारख्या कवकांतली. तिच्यापासून मिळणारे ग्लायकोलिपिड युरोपात शीतपेयांत ‘ई २४६’ या क्रमांकाने परिरक्षक म्हणून चालते. आपल्याकडे पावसात प्रत्येक कुजक्या ओंडक्यावर ती दिसते आणि कुणी तिच्याकडे पाहत नाही.

पुढे एका काटकीवर सोनेरी पिवळी टोपी होती. तिच्यावर उभे, टोकदार खवले. ही सिप्टोट्रामा ॲस्प्राटा. १८४७ साली इंग्रज कवकशास्त्रज्ञ बर्कली यांनी सिलोनहून आलेल्या नमुन्यावरून तिचे वर्णन केले. लाकूड आणि काटे, दोन खुणांत तीही बाजूला झाली. रानाच्या कडेला गुरे चरतात, तिथे शेणावर बुळबुळीत लिंबू-पिवळ्या टोपीची बोल्बिटियस होती. ‘हिचा ठसा घेतला तर गंजाच्या रंगाचा येईल,’ विद्यार्थिनीने सांगितले. एका ओहोळाच्या काठी मऊ, मेणचट पात्यांची एक हायग्रोसायबी मिळाली. तिच्यापाशी बाई बराच वेळ बसल्या, कारण या कुळातल्या सह्याद्रीतल्या जातींवर फार थोडे काम झाले आहे. पण आमची पिवळी ती नव्हती.

ओळख पटवण्याच्या कामाचा मोठा भाग हा असा नकारात जातो. नवखा माणूस ‘ही कोण’ म्हणून पाहतो, बाई ‘ही कोण नाही’ म्हणून पाहतात. उगवण्याची जागा, टोपीचा पोत, पात्या देठाला चिकटलेल्या की सुट्या, कडे आहे की नाही, एवढ्यावर शेकडो जाती काही मिनिटांत बाहेर पडतात. मग ज्या मोजक्या उरतात तिथे काम अडते, आणि पुढचे कित्येक दिवस त्यातच जातात.

आमची सापडली ती जांभळाच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर. टोपी कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ, मध्यापासून कडेपर्यंत चुण्या पडलेली, पलीकडचे पान आरपार दिसत होते. मध्यभागी पिवळी भुकटी, कडेकडे रंग विरत पांढुरका होत गेलेला. देठ बोटभर लांब आणि काडीहून बारीक, त्यावर सैल, नाजूक कडे. बाईंनी तिला लगेच हात लावला नाही. जमिनीवर कांबळे टाकून त्या आडव्या झाल्या, भिंगातून पाहत एकेक गोष्ट मोठ्याने सांगू लागल्या आणि विद्यार्थिनी लिहू लागली. पात्या पांढऱ्या, विरळ, देठापासून सुट्या. देठाच्या बुडाशी किंचित फुगवटा. चोळल्यावर रंग बदलत नाही. वास जाणवत नाही.

‘पिवळी असं लिहू नकोस,’ बाई मध्येच म्हणाल्या. ‘कुठला पिवळा?’ मग रंगांच्या चौकटी छापलेले एक जुने पुस्तक पिशवीतून निघाले. रात्रीच्या पावसाने रंग धुतला जातो, म्हणून शेजारची न उघडलेली कळीही पाहायची असते. कळी गंधकासारखी पिवळीजर्द होती. फोटो निघाले वरून, बाजूने आणि आरसा खाली धरून पात्यांचे. चाकूने मातीसकट छत्री उचलली, तरी डब्यात ठेवताना एक देठ मोडलाच. वर्णन आधी का लिहून घेतले ते तेव्हा कळले.

मावशींची यादी

परतताना वाटेत अळंबी विकायला निघालेल्या एक मावशी भेटल्या. टोपलीत वारुळावरची अळंबी, पळसाच्या पानांवर नीट मांडलेली. मी त्यांना फोनमधली पिवळी दाखवली. ‘ही? ही कुत्र्याची छत्री,’ त्या म्हणाल्या, ‘हिला कोण इचारतंय?’

मावशींना अळंबीतले कळत नाही असे कुणी समजू नये. कोणत्या वारुळावर, किती पाऊस झाल्यावर, कोणत्या नक्षत्रात अळंबी येणार हे त्यांना नेमके माहीत आहे. टर्मिटोमायसिस या गटातली ही अळंबी वाळवीच्या वारुळातच वाढते. वाळवी तिच्यासाठी आत चावलेल्या पालापाचोळ्याचे बगीचे करते आणि त्यावर जगते. माणसाला व्यापारी पातळीवर तिची शेती अजून साधलेली नाही. विदर्भात तिच्यातल्याच काहींना सात्या म्हणतात आणि गोव्यात रोयणीच्या अळम्यांसाठी पावसाळ्यात माणसे वाट्टेल तो भाव मोजतात. मावशींच्या ज्ञानाला पोटाचे कुंपण आहे. आतले सगळे बारकाईने ठाऊक, बाहेरचे सगळे कुत्र्याच्या छत्रीत जमा. बाईंना हे वर्गीकरण सदोष वाटत नाही. ‘निदान त्या नसलेलं नाव सांगत नाहीत,’ त्या म्हणाल्या. हा टोला ॲपला होता.

मावशींचे ज्ञान सगळ्यांना उसने घेता येत नाही, ही यातली मेख. अळंबी विषारी आहे की नाही हे ओळखायच्या म्हणून ज्या युक्त्या शहरात फिरतात, त्या सगळ्या खोट्या आहेत. चांदीचे नाणे काळे पडणे, लसूण निळी होणे, गोगलगायीने कुरतडलेली चालते, पिवळी वाईट आणि पांढरी चांगली. यातला एकही नियम विषावर चालत नाही. जगातली सर्वांत घातक कवके अमानिटा गटातली आहेत, त्यातली काही पांढरीशुभ्र आणि दिसायला देखणी असतात. त्यांचे विष शिजवून जात नाही आणि लक्षणे अनेक तासांनी दिसतात. तोपर्यंत यकृताला इजा सुरू झालेली असते. म्हणून ओळख नक्की नसेल तर खायचे नाही, आणि फोटोवरून झालेली ओळख नक्की नसते.

मावशींना मी एक गोष्ट सांगितली, ती त्यांना आवडली. आमच्या पिवळीच्या भाऊबंदांनाही शेतकरी मिळालेले आहेत. अमेरिका खंडांत पाने कापून नेणाऱ्या मुंग्या जमिनीखाली ज्या कवकाची शेती करतात, ते याच घराण्यातले आहे. ‘मुंग्या खात्यात, म्हंजे वाईट नसंल,’ मावशी म्हणाल्या. मी घाईघाईने नाही म्हटले.

पांढरा ठसा

गावातल्या एका खोलीत संध्याकाळी टोपी देठापासून वेगळी करून काचेवर पालथी घातली. शेजारी ओला कापूस, वर वाटी. एरवी अर्धा काळा, अर्धा पांढरा कागद वापरतात, म्हणजे कुठल्याही रंगाचा ठसा दिसतो. पण इतक्या पातळ टोपीला कागद लगेच कोरडी करतो, म्हणून काच. रात्रभर पात्यांवरून बीजाणू गळतात आणि सकाळी काचेवर पात्यांची नक्षी उमटते.

डोळ्याला एक बीजाणू दिसत नाही, लाखो एकत्र पडले की त्यांचा रंग दिसतो. हा रंग जातीच्या घराण्याचा चांगला पुरावा असतो. गुलाबीसर आला तर प्लूटियस किंवा एंटोलोमा, गंजाचा आला तर बोल्बिटियस किंवा जिम्नोपिलस, जांभळट तपकिरी आला तर हायफोलोमाकडे जायचे. हिरवट आला तर सावध व्हायचे. हिरवळीवर गोलाकार उगवणारी मोठी पांढरी क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस अनेकांना खाण्यासारखी वाटते. ती पोट अक्षरशः रिकामे करते आणि तिचा हिरवा ठसा हीच तिची चुगली.

आमच्या काचेवर सकाळी विरळ, पांढरा ठसा होता. टोपी मात्र नाहीशी झाली होती. काचेवर चिकटलेला एक पिवळसर डाग तेवढा उरला होता.

पांढरा ठसा, सुट्या पात्या, कडे, चुण्यांची टोपी, भुकटीसारखे खवले. बाईंनी पहिल्यांदा प्रजातीचे नाव घेतले, ल्युकोकोप्रिनस. ही प्रजाती फ्रेंच कवकशास्त्रज्ञ पातुयार यांनी १८८८ साली वेगळी केली. आता उरला प्रश्न तिच्यातल्या कुठल्या पिवळीचा.

हॅलिफॅक्सचे उबघर

ल्युकोकोप्रिनसमधली सर्वांत प्रसिद्ध पिवळी रानात सापडली नव्हती. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातल्या हॅलिफॅक्स इथे जेम्स बोल्टन नावाचा निसर्गअभ्यासक आणि चित्रकार राहत होता. आसपासच्या कवकांवर त्याने १७८८ ते १७९१ या काळात खंडांमागून खंड प्रसिद्ध केले, चित्रेही स्वतः काढली. त्यात एका उबघरात उगवलेली पिवळीधम्मक छत्री आहे. यॉर्कशरच्या थंडीत ती बाहेर जगली नसती. उष्ण देशांतली झाडे वाढवायला श्रीमंतांनी काचेची घरे बांधली, त्या झाडांच्या मातीतून ती आली असावी. बोल्टनने तिला पिवळा या अर्थाचे लॅटिन नाव दिले, पण ते नाव आधीच दुसऱ्या कवकाला दिले गेले होते. नियमाप्रमाणे ते रद्द झाले.

पुढे १८३९ साली ऑगुस्ट कॉर्डा यांनी प्रागच्या उबघरातल्या अशाच पिवळीचे वर्णन केले. ती ज्या उद्यान-निरीक्षकाला सापडली त्याचे आडनाव बर्नबाउम. त्याच्यावरून नाव पडले बर्नबाउमी. १९६२ मध्ये रॉल्फ सिंगर यांनी तिला ल्युकोकोप्रिनसमध्ये आणले आणि ती झाली ल्युकोकोप्रिनस बर्नबाउमी. जगभर कुंड्यांत उगवते ती हीच. उष्ण कटिबंधातल्या कवकाचे नाव एका युरोपी माळ्यांच्या साहेबावरून पडते, याचे मला हसू आले, पण नावांच्या शास्त्रात पहिल्याचा मान मोठा असतो, बरोबर कोण याला फारसे महत्त्व नाही.

दुसरी पिवळी फ्रॅजिलिसिमस. तिचा नमुना अमेरिकेत साउथ कॅरोलिनात हेन्री विल्यम रॅव्हनेल यांनी गोळा केला आणि १८५३ साली बर्कली आणि कर्टिस यांनी तिचे वर्णन छापले. ही रानातली. टोपी जवळजवळ पारदर्शक, चुण्या खोल, देठ फार लांब आणि आयुष्य काही तासांचे. बर्नबाउमी तिच्यापेक्षा जाड, टोपी मांसल, पिवळेपणा अंगभर, देठही पिवळा. आमच्या पिवळीचे वर्णन फ्रॅजिलिसिमसशी जुळत होते. बाईंनी मात्र वहीत नाव लिहिले नाही.

तेलातले भिंग

वाळवलेल्या पात्याचा केसाएवढा तुकडा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात टाकला की पेशी पुन्हा फुगतात. मग काँगो रेडचा थेंब, वर काच, बोटाने हलका दाब. हजारपट मोठे दाखवणाऱ्या तेलाच्या भिंगाखाली पाहिले, तेव्हा लाल धाग्यांच्या गर्दीत लिंबासारख्या टोकांचे, जाड भिंतीचे बीजाणू दिसले. एका टोकाला भिंत पातळ होऊन बारीक छिद्र झालेले. रुजताना धागा तिथून बाहेर पडतो, त्या छिद्राला जननरंध्र म्हणतात. विद्यार्थिनीने एकामागून एक बीजाणू मोजायला घेतले. एकच मोजून चालत नाही, कारण एकाच टोपीतले बीजाणूही सारखे नसतात.

मग मेल्झरचा अर्क. झेक कवकअभ्यासक वात्स्लाव मेल्झर यांच्या नावाचे हे आयोडीनचे मिश्रण. बीजाणू निळे-काळे झाले तर एक गट, तांबूस तपकिरी झाले तर दुसरा, काहीच झाले नाही तर तिसरा. त्यात क्लोरल हायड्रेट लागते, ते एकेकाळी झोपेचे औषध होते आणि आता सहज विकत मिळत नाही. बाईंची बाटली जुनी आहे, त्या ती थेंबाथेंबाने वापरतात. बीजाणू तांबूस झाले. ल्युकोकोप्रिनसमध्ये असेच व्हायला हवे.

यातून काय साधले? फिक्या गवती रंगाची ल्युकोकोप्रिनस स्ट्रॅमिनेलस बाद झाली, तिच्या बीजाणूंना जननरंध्र नसते. फ्लेव्हेसेन्सही बाद झाली, तिचे बीजाणू लहान आणि गोलसर असतात. पण मुख्य दोन पिवळ्यांमध्ये सूक्ष्मदर्शक निकाल देईना. बर्नबाउमीचे बीजाणू लांबीला साधारण ८ ते १२ मायक्रॉन, फ्रॅजिलिसिमसचे ९ ते १३. आमचे दोन्हींत बसत होते. दोघींतला फरक टोपीच्या जाडीत, चुण्यांच्या खोलीत आणि आयुष्याच्या लांबीत आहे, आणि तो रानात सकाळी सातला दिसला होता. प्रयोगशाळेपर्यंत त्यातले काही पोचलेच नव्हते. पोचली होती ती वही.

मला या कामातली सर्वांत मोलाची वस्तू ती पावसात न भिजणारी वही वाटते. सूक्ष्मदर्शक नंतरही मिळतो, रसायने मिळतात, पैसे असतील तर डीएनएही वाचून मिळतो. कांबळ्यावर आडवे होऊन लिहून घेतलेली ती दहा वाक्ये पुन्हा मिळत नाहीत. ॲपवर माझा राग आहे तो चुकीच्या नावासाठी नाही. नाव मिळाल्यावर माणूस वाकून पाहायचे सोडतो, यासाठी आहे.

चार अक्षरांची साक्ष

डीएनएने हा वाद मिटणार नाही का, असे मी विचारले. प्रश्न भोळा नव्हता. कवकांच्या पेशींतला आयटीएस नावाचा पट्टा साधारण ५०० ते ७०० अक्षरांचा असतो. जातीजातींत तो पुरेसा बदलतो, म्हणून २०१२ साली शास्त्रज्ञांनी कवकांचा अधिकृत बारकोड म्हणून तोच सुचवला. वाळक्या तुकड्यातून डीएनए काढायचा, तो पट्टा वाढवायचा, वाचून घ्यायचा आणि सार्वजनिक साठ्यातल्या पट्ट्यांशी ताडून पाहायचा.

अडचण ताडून पाहण्यात आहे. साठ्यात ज्याने पट्टा टाकला त्यानेच नाव लिहिलेले असते, आणि त्याने नमुना ओळखण्यात चूक केली असेल तर चूकच पुढे पसरते. २००६ साली झालेल्या एका अभ्यासात साठ्यातल्या सुमारे २० टक्के कवक-पट्ट्यांवरची जातीची नावे चुकीची असावीत असा अंदाज निघाला. ‘यंत्र सांगतं की तुमचा नमुना अमक्याच्या नमुन्यासारखा आहे,’ बाई म्हणाल्या. ‘अमक्यानं कशावरून ओळखलं, ते यंत्राला माहीत नाही.’

खरा पेच त्याच्याही पुढचा आहे. फ्रॅजिलिसिमस हे नाव साउथ कॅरोलिनातल्या एका नमुन्याला बांधलेले आहे. सह्याद्रीतली पारदर्शक पिवळी दिसायला तशीच आहे म्हणून ती तीच असेल असे नाही. अटलांटिकच्या पलीकडे आणि इथे, सारख्या पाचोळ्यात, सारख्या पावसात, वेगवेगळ्या वाटांनी दोन जाती सारख्या दिसू लागल्या असतील. कवकांत असे वारंवार आढळते. २०१७ च्या एका अंदाजाप्रमाणे जगात कवकांच्या २२ ते ३८ लाख जाती असाव्यात, नाव मिळालेल्या त्यांतल्या फार थोड्या. आपल्याकडच्या अनेक छत्र्या युरोपातल्या किंवा अमेरिकेतल्या पुस्तकांतली नावे घालून फिरत आहेत, कारण आपल्याकडे पाहणारे कमी आणि पुस्तके तिकडची.

दक्षिणेकडे काम बरे झाले आहे. केरळातल्या ल्युकोॲगॅरिकस आणि ल्युकोकोप्रिनस या दोन्ही प्रजातींवर टी. के. अरुण कुमार आणि पी. मनिमोहन यांनी २००९ साली सविस्तर लेख लिहिला. बाईंच्या टेबलावर त्याची छापील प्रत आहे, समासात पेन्सिलीच्या खुणांसह. पुण्यात त्याआधी १९८० मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेने, नैर्ऋत्य भारतातल्या छत्र्यांवर ए. व्ही. साठे आणि सहकाऱ्यांचा ग्रंथ काढला होता. तोही टेबलावर आहे, शिवण सुटलेला.

पाकिटावरचे नाव

नमुना ४० ते ४५ अंशांच्या कोमट हवेत वाळवतात. जास्त तापवला तर तो शिजतो, कमी तापवला तर कुजतो. पिवळीसाठी बाई सिलिका जेलचे मणी वापरतात, एवढीशी वस्तू तासाभरात कडकडीत होते. मग कागदी पाकीट, त्यावर चिठ्ठी. तारीख, गाव, उंची, आसपासची झाडे, कशावर उगवली, कुणी गोळा केली, ठशाचा रंग, वहीतला क्रमांक. असे पाकीट पुढे सार्वजनिक संग्रहात गेले पाहिजे. आघारकर संस्थेत आजरेकर कवकसंग्रह आहे, तिथे एकदा पाकिटाला क्रमांक मिळाला की उद्या कुणीही ते उघडून बाईंचे म्हणणे तपासू शकतो. नमुना नसलेले नाव म्हणजे निव्वळ मत, मग ते देणारा कितीही मोठा असो.

आमच्या पिवळीच्या पाकिटावर प्रजातीचे नाव पक्क्या शाईत आले आणि जातीच्या आधी दोन अक्षरी लॅटिन संक्षेप आला. त्याचा अर्थ ‘ताडून पाहा’. फ्रॅजिलिसिमससारखी दिसते, तीच आहे असे आम्ही म्हणत नाही, एवढे तो सांगतो. विद्यार्थिनीला हे जरा लागले. इतके दिवस घालवून जातच नक्की झाली नाही, असे ती म्हणाली.

‘झाली की,’ बाई म्हणाल्या. ‘ती कोण नाही ते पंधरा जातींपुरतं झालं. पुढच्या पावसात अजून चार पाकिटं आण, मग पट्टा वाचून घेऊ. एकट्या नमुन्यावर जात ठरवायची नसते.’

कुंडीतली

ज्यांना उजाडताना मुळशीला जाणे जमणार नाही, त्यांच्यासाठी दुसरी पिवळी घरी येते. पुण्या-मुंबईच्या गॅलऱ्यांत जूननंतर कुंडीत अचानक पिवळ्या गाठींचा पुंजका दिसतो, सकाळी त्याच्या छत्र्या झालेल्या असतात. ही बर्नबाउमी. नर्सरीच्या मातीतून, कंपोस्टमधून ती येते. रोपाला ती काही करत नाही, कुजलेला भाग खाते. बुरशीनाशक मारून उपयोग नसतो, कारण जाळे मातीत असते आणि वरच्या छत्र्या तोडल्या तरी पुन्हा येतात. तिच्या पिवळ्या रंगद्रव्यांना रसायनशास्त्रज्ञांनी बर्नबाउमिन असे नाव दिले आहे, ती २००५ साली वेगळी केली गेली. ही छत्री खाऊ नये. घरात रांगते मूल किंवा कुत्रे असेल तर छत्र्या दिसताच काढून टाकाव्यात, एवढीच काळजी पुरे.

विद्यार्थिनीने आता हेच काम धरले आहे. कुंडीतल्या सगळ्या पिवळ्या बर्नबाउमीच असतात असे धरून चालतात, पण त्यांतल्या फिक्या रंगाच्या काही स्ट्रॅमिनेलस असू शकतात, आणि ते जननरंध्र पाहूनच कळते. या कामाला वनखात्याची परवानगी लागत नाही, पहाटे उठावे लागत नाही, मेल्झरची बाटलीही फारशी संपत नाही. कोथरूडमधल्या ओळखीच्यांच्या गॅलऱ्यांतून तिने पाकिटे जमवायला सुरुवातही केली आहे. एका मोठ्या सोसायटीत मात्र काम थांबले आहे. तिथल्या सचिवांनी लेखी अर्ज मागितला असून, सर्वसाधारण सभेत विषय घेऊन मगच कुंड्यांना हात लावता येईल असे कळवले आहे.